दुपारी झोपणारं भूत

आमच्या छपराखाली बारा बायका ओळीने बसून साल कुटतात, तेव्हा त्यातली एक मोगरी जरी चुकली तरी मला डोळे मिटून सांगता येतं की ती कुणाची. चाळीस वर्षं मी या ओंडक्याच्या डोक्याला बसते आहे. सालीचं कापड म्हणजे टापा काही नुसत्या ताकदीने होत नाही, बारा हात एका तालात पडले तरच ती साल पसरते. म्हणून त्या मे महिन्यात ताल मोडायला लागला तेव्हा मी आधी म्हाताऱ्या व्हिकाला बोलले. व्हिका म्हणाली, माझ्याकडे काय बघतेस, तुझ्या लाडकीकडे बघ.

लाडकी म्हणजे लुसेआने, माझ्या भावाची मुलगी, बारा वर्षांची. सहाव्या वर्षापासून मी तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. तिचा हात माझ्याइतका नेमका होता, आणि तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. त्या दिवशी मात्र तिची मोगरी कधी ओंडक्यावर पडे, कधी हवेतच अडखळे. मी तिला टोमणा मारला की जेवण अंगावर आलं वाटतं. दुसऱ्या दिवशी मोगरी तिच्या हातातून उडाली ती थेट व्हिकाच्या पायावर. व्हिका म्हणाली, “कुटायचा कंटाळा आलाय तर तसं सांग ना बाई, माझा पाय कशाला कुटतेस?” सगळ्या हसल्या. लुसेआनेही हसली, पण तिचं हसू थांबेना, आणि मग ती एकदम रडायलाच लागली.

त्या रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन चालू असताना ती तोंडं वेंगाडत होती. घरी येताना मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की डाग चार दिवस राहिला. तो चिमटा मला आजही आठवतो आणि माझी मलाच लाज वाटते.

मग तिला झग्याची बटणं लावता येईनात. कप सुटायला लागले. मास्तरांनी वही घरी पाठवली, तर अक्षरं वाळूतल्या खेकड्यांसारखी तिरकी पळत होती. तिच्या आईने, सेलाने, मला न विचारता तिला दवाखान्यात नेलं. आमच्यात भावाच्या मुलांचं काय करायचं ते आत्या ठरवते. माझा भाऊ किटिओने सहा फुटी गडी आहे, पण माझ्या घरी आला की पायरीवरच बसतो आणि मान खाली घालून बोलतो. ती रीत आहे. त्यामुळे सेला दवाखान्यात गेल्याचं कळलं तेव्हा मी तशीच कुटायच्या कपड्यांत मागोमाग गेले.

दवाखान्यात तालिता नर्स होती. तिशीची पोर, शेजारच्या बेटावरची, राजधानीत, नुकुअलोफाला शिकून आलेली. मला बघून उठून उभी राहिली, गावातले सगळे म्हणतात तसं आत्या म्हणाली आणि कामाला लागली. तिने लुसेआनेला आपली दोन बोटं धरायला सांगितली, घट्ट धर, सोडू नकोस. पोरीची मूठ आवळे, सैल पडे, पुन्हा आवळे, किसलेला नारळ पिळावा तशी. मग तिने जीभ बाहेर काढून धरायला सांगितली, तर जीभ लगेच आत पळाली. मला हे फार नवलाचं वाटलं. पोर मुद्दाम करत नाही हे मला तिथे पहिल्यांदा पटलं.

तालिताने विचारलं, मागे कधी घसा दुखला होता का? सेलाला आठवलं, फेब्रुवारीत सगळ्या पोरांचेच घसे धरले होते, लुसेआने दोन दिवस जेवली नव्हती. मी म्हटलं, तो आपोआप बरा झाला, आमच्या घराण्याची अंगं मजबूत आहेत. तालिता म्हणाली, “तिथेच तर सगळं सुरू झालं, आत्या.” मग तिने कानात नळी घालून छाती तपासली, फार वेळ तपासली, आणि पोरीच्या कमरेखाली दह्यासारख्या दाट औषधाची सुई दिली. लुसेआने अशी किंचाळली की बाहेरची कोंबडी उडाली. ही सुई दर अठ्ठावीस दिवसांनी घ्यायची, तालिता म्हणाली, आणि मोठ्या बोटीने जाऊन काळजाची तपासणी करून आणायची. तीन महिन्यांपूर्वी बऱ्या झालेल्या घशासाठी आज कमरेत सुई, हा हिशेब मला समजेना, आणि जे समजत नाही त्याला होकार द्यायची मला सवय नाही.

मी माझ्या परीने शोध लावायला बसले. आमच्याकडे असं काही झालं की आधी मेलेल्यांचा विचार करतात. आपल्यातल्याच कुणाच्या तरी हाडाला झाडाचं मूळ टोचत असतं, आणि ते दुखणं तो माणूस घरातल्या एखाद्या पोराच्या अंगातून सांगत असतो. थडगं उघडायचं, मूळ काढायचं, हाडं सुगंधी तेलाने पुसायची, की पोर बरं होतं. हे मी ऐकीव सांगत नाही. मी आठ वर्षांची असताना आमच्या आजीचं थडगं उघडलेलं मी पाहिलं होतं आणि महिन्याभरात गुण आलेलाही पाहिला होता. प्रश्न एवढाच होता की या वेळी दुखतंय कुणाला.

एका दुपारी लुसेआने माझ्या चटईवर झोपली होती आणि मी माश्या वारत होते. बघते तर तिचं अंग अगदी शांत. बोट हलत नाही, पापणी हलत नाही. मी तासभर तशीच बघत बसले. जाग येताना आधी डाव्या हाताची बोटं वळवळायला लागली, मग खांदा, मग तोंड, आणि डोळे सगळ्यात शेवटी उघडले.

हे मी तालिताला वाटेत गाठून सांगितलं. आमची भुतं दुपारी झोपत नाहीत, मग हे कसलं? ती खूश झाली, म्हणाली की बरोबर बघितलंत, हे दुखणं झोपेत थांबतंच. “बाहेरून कुणी आलं असतं तर त्याला हिच्या झोपेशी काय करायचंय, आत्या? डोक्याचा जो कोपरा हात हलवतो तो हिच्याबरोबर झोपतो, एवढंच.”

मी यातून भलतंच काढलं. दुपारी झोपणारं आमच्या घरात कोण होतं? माझी थोरली बहीण कालोलाइने. जेवण झालं की ती तिथेच आडवी व्हायची, आई ओरडायची. आणि ती डावखुरी होती, ओंडक्याशी डाव्या हाताने कुटणारी गावात ती एकटीच. लुसेआनेचा डावा हातच तर जास्त उडत होता. सगळं इतकं चपखल जुळलं की मला माझ्या अकलेचा अभिमान वाटला. मी किटिओनेला निरोप धाडला की कालोलाइनेचं थडगं उघडायचं.

सदतीस वर्षांनी आम्ही तिला वर काढलं. चुलतभावांनी पांढरी वाळू बाजूला केली, खाली खणलं. आणि मूळ सापडलं. बोटाएवढं जाड, डाव्या हाताच्या दोन हाडांमधून आरपार गेलेलं. मी ते माझ्या हाताने सोडवलं. तिच्या हाडांना तेल लावताना मी मोठ्याने रडले, अशी की किटिओने रीत विसरून माझ्या जवळ येऊन उभा राहिला. मी विणलेल्या चटईत आणि मीच कुटलेल्या पांढऱ्या टापात गुंडाळून आम्ही तिला परत ठेवलं.

पाच आठवड्यांत लुसेआनेचा हात थांबला. बटणं लागली, अक्षरं रेषेवर आली, आणि जुलैमध्ये बारा मोगऱ्यांचा ताल पुन्हा एक झाला. व्हिका म्हणाली, आता दवाखान्यात तालिताच्या जागी तूच बस. सुईच्या तारखा येऊन गेल्या होत्या, एक थडगं उघडलं त्या आठवड्यात आणि दुसरी त्यानंतर. सेला दोन्ही वेळा दारात येऊन उभी राहिली. मी दोन्ही वेळा नको म्हटलं. बऱ्या झालेल्या पोरीला कशाला भोसकायचं? आणि माझ्या शब्दापुढे कुणी गेलं नाही.

तालिता स्वतः आली ती एका सोमवारी, आम्ही सगळ्या कामात असताना. मला वाटलं भांडायला आली. तिने चप्पल काढली, लुसेआनेच्या शेजारची मोगरी उचलली आणि कुटायला लागली. चांगलं कुटत होती, तिच्या आईने शिकवलेलं होतं. मग बायका जेवायला उठल्या, लुसेआने पाणी आणायला गेली, आणि आम्ही दोघीच उरलो.

ती म्हणाली की हात थांबला याचा तिला आनंद आहे, पण तो थांबणारच होता. ही थरथर काही आठवडे-महिने राहते आणि आपली आपण जाते, थडगं उघडा नाहीतर नका उघडू. मी संतापले. मूळ मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हटलं, लहानपणी आजीच्या थडग्यातही पाहिलं होतं, आणि आता हाताने सोडवलंय.

“मीही पाहिलंय,” ती म्हणाली. “माझ्या काकांच्या थडग्यात. पण आत्या, आपण सगळ्यांना चाफ्याखालीच पुरतो. मूळ कुणाच्या हाडात सापडणार नाही?”

खरं सांगते, मला हा प्रश्न आवडला. इतकी वर्षं मी त्या चाफ्यांची फुलं वेचली आणि हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, बरं, मग तुझं काय म्हणणं आहे ते नीट सांग, मी अडाणी आहे असं समजून सांगू नकोस.

तिने ओंडक्याजवळ पडलेली आमची नक्षीची पाटी ओढली. या पाटीवर टापा ठेवून रंग घासला की खालची नक्षी वर उमटते, प्रत्येक गावाची पाटी वेगळी. ती म्हणाली, फेब्रुवारीत घशात जंतू शिरला. त्या जंतूच्या अंगावर अशीच एक नक्षी असते. शरीराने तो पकडला, नक्षी नीट पाहून घेतली, आणि नेमकी तेवढी नक्षी ओळखणारे पहारेकरी तयार केले, लाखोंनी. त्यांनी जंतूला हुडकून मारलं. म्हणून घसा आपोआप बरा झाला, इथवर तुमचं घराणं मजबूत, मला कबूल. पण पहारेकरी लगेच पांगत नाहीत. ते अंगभर हिंडत राहतात, ती नक्षी शोधत. आणि डोक्याच्या एका कोपऱ्यात आणि काळजाच्या दारांवर जवळजवळ तसलीच नक्षी आहे.

“मग ते आपल्याच घरावर तुटून पडतात,” मी म्हटलं.

मला हे चांगलंच समजलं. मयताला सगळी गावं टापा घेऊन येतात, तशा एका मयताला मी शेजारच्या गावचा टापाचा गठ्ठा आमचा म्हणून उचलून आणला होता. त्यांची चांदणी आणि आमची चांदणी, फरक एका रेघेचा. मी तीन दिवस भांडले, त्यांच्या बायकांना चोर म्हणाले, आणि चौथ्या दिवशी आमचा गठ्ठा आमच्याच माळ्यावर सापडला. आम्ही टापावर जन्म काढलेल्या बायका जिथे चुकतो तिथे अंगातल्या पहारेकऱ्यांना काय दोष द्यायचा?

मी एकामागून एक विचारत सुटले. जंतू मेला, मग सुई कुणाला? ती म्हणाली, सुई थरथरीसाठी नाहीच. पुढच्या वेळी तोच जंतू आला की पहारेकरी पुन्हा उठणार आणि दारांवर पुन्हा तुटून पडणार. दर वेळी दार थोडं अधिक वाकडं होतं, मग ते नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. सुई जंतूला ठाण मांडूच देत नाही, म्हणजे लढाईच होत नाही. मी विचारलं, मग घसा सगळ्याच पोरांचा धरला होता, एकटी हीच का?

“ते मला नीट सांगता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनाही पुरतं माहीत नाही. काही घराण्यांत जास्त दिसतं, एवढं खरं.”

तिने माहीत नाही म्हटलं म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. सगळं माहीत असणारी माणसं मी घरात भरपूर पाहिली आहेत, त्यातली एक मीच आहे.

मग तिने विचारलं, कालोलाइने कशाने गेली? मी सांगितलं, दुसऱ्या बाळंतपणात गेली, चोवीस वर्षांची होती. आधीपासून तिला दम लागायचा, पाय सुजायचे, म्हणून तर दुपारी आडवी व्हायची. आळशी नव्हती ती. हे मी बोलले आणि मला जाणवलं की हे वाक्य मी आईला कधीच सांगितलं नव्हतं.

तालिता पाटीवर बोट फिरवत होती. “आत्या, तुमच्या लहानपणी आजीचं थडगं उघडलं होतं म्हणता. ते कुणासाठी?”

ते दृश्य मला लख्ख आठवत होतं, वाळू, तेल, मूळ, माझ्या काकूचं रडणं. त्या गर्दीत एक अकरा वर्षांची मुलगी उभी होती, आणि तिच्या हातातून तेलाची वाटी पडली म्हणून कुणीतरी तिला रागावलं होतं.

“कालोलाइनेसाठी,” मी म्हटलं.

महिन्याभरात तिला गुण आला होता. सगळे किती खूश झाले होते. तिचा हात थांबला, ती कुटायला बसली, आणि नंतरची तेरा वर्षं आम्ही कुणी काही केलं नाही, कारण ती बरी झाली होती.

लुसेआने पाण्याची कळशी घेऊन आली. मी तिला जवळ बसवलं आणि तालिताला म्हटलं की तुझी नळी काढ, आज मी ऐकणार. तिने नळीची टोकं माझ्या कानांत घातली आणि दुसरं तोंड पोरीच्या डाव्या स्तनाखाली टेकवलं. आधी नुसता धबधब आवाज आला. तालिता म्हणाली, घाई करू नका, दोन ठोक्यांच्या मध्ये काय आहे ते ऐका. मी चाळीस वर्षं ताल ऐकत आले आहे, मला वेळ लागला नाही. पहिला ठोका, आणि त्याला चिकटून एक बारीक उसासा. दुसरा ठोका. पुन्हा उसासा. मोगरी नीट पडली पण साल कुठेतरी फाटकी आहे, असा.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लहानपणी मी आणि कालोलाइने एका पांघरुणात झोपायचो, आणि मी तिच्या पाठीला कान लावून पडायची. तिच्या आत समुद्र आहे असं मी तिला सांगायची. ती म्हणायची, तुझ्यात नाही का? मी माझ्या छातीवर हात ठेवून बघायची, आणि माझ्यात नाही म्हणून मला तिचा हेवा वाटायचा.

मी नळी काढली. लुसेआने विचारत होती, आत्या, काय झालं, तू का रडतेस? मी म्हटलं, ऊठ, तुझ्या बापाला बोलाव.

किटिओने येऊन पायरीवर बसला, मान खाली. मी त्याला सांगितलं की पोरीला आजच सुई द्यायची, आणि पुढच्या बोटीने तपासणीला न्यायची, मी बरोबर येते. तो बरं म्हणाला. मग मी म्हटलं, “दोन सुया माझ्यामुळे चुकल्या. मी चुकले, किटिओने.” माझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून सरळ माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, बघतोस काय, बोट कधी आहे ते विचारून ये.

मोठ्या दवाखान्यात त्यांनी यंत्रावर काळजाची दारं दाखवली. काळ्या पडद्यावर पांढरी पाकळी उघडत होती, मिटत होती, आणि मिटताना एका कडेने थोडं गळत होतं. डॉक्टर म्हणाले की एवढ्यावर थांबलं तर पोर म्हातारी होईल. कमीत कमी दहा वर्षं सुया, कदाचित जास्त. लुसेआनेने मला हळूच विचारलं, थडगं उघडून चालणार नाही का, ते दुखत नाही. मी तिला जवळ घेतलं.

मला अजून वाटतं की सांगत होती ती कालोलाइनेच. मूळ काढलं ते काही वाईट झालं नाही, तिचा हात मोकळा झाला. पण आम्ही दोन्ही वेळा तिचा हातच ऐकला, छाती ऐकली नाही.

आता अठ्ठाविसावा दिवस आला की ओंडक्याचं काम बंद असतं. मी लुसेआनेबरोबर जाते. ती माझा हात धरते, आता चांगला घट्ट, सैल न पडणारा, आणि मला शिव्या देते, ज्या आत्याला द्यायची आमच्यात सोय नाही. त्या दिवशी मी त्या ऐकून घेते. सुई निघाली की तिला पालथीच पडायला सांगते आणि नळीबिळी न मागता तिच्या पाठीला कान लावते. काल एकोणिसावी सुई झाली. समुद्र आहे अजून, पण वाढलेला नाही.